लायसन्स निलंबित झालंय? आधी खर्चाचा हिशेब बघा

विनाहेल्मेट सापडलं की 500 रुपयांची पावती फाटते, एवढंच बहुतेक नाशिककरांच्या डोक्यात असतं. 2021 मध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ झालं, ‘नाशिक फर्स्ट’ संस्थेच्या ट्रॅफिक पार्कात समुपदेशनाला बसवलं, तेही लोक विसरले. पण याच गुन्ह्याला कायद्यात तीन महिन्यांचं निलंबनही आहे. ट्रिपल सीट आणि दारू पिऊन चालवणं यांनाही. दारूचा खटला मात्र रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्याच वेळी 10,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

पोलीस लायसन्स पेठ रोडच्या आरटीओकडे पाठवतात आणि तिथून नोटीस येते. ती कपाटात टाकू नका. आदेशाआधी तुमचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. गाडी दुसऱ्यानं चालवली होती, चलनावर नंबरच चुकलाय, असं काही असेल तर कागद घेऊन तेव्हाच सांगा. आदेश निघालाच तर 30 दिवसांत अपील करता येतं, फी 500.

‘निलंबन उठवण्याची फी’ असा रकाना केंद्रीय नियमांच्या तक्त्यात नाही. तेव्हा ‘पाच हजारांत आठवड्यात सोडवून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. लायसन्स परत मिळण्यासाठी रिफ्रेशर प्रशिक्षण मात्र पूर्ण करावं लागतं. त्याची फी आधी विचारा, पावती घ्या. दुसऱ्यांदा सापडून लायसन्स रद्दच झालं, तर पुन्हा श्रीगणेशा: शिकाऊचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, पक्क्याच्या चाचणीचे 300, लायसन्सचे 200. एका प्रकारच्या वाहनाचे झाले 700. स्मार्टकार्ड, टपाल वेगळं.

खरा खड्डा पुढे आहे. निलंबनात गाडी चालवली तर 10,000 दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता विम्याचं. आपल्याकडे थर्ड पार्टी विमा गाडीचा असतो, त्यामुळे त्याचा हप्ता निलंबनानं वाढत नाही. 2022 च्या दरांनुसार 75 ते 150 सीसी दुचाकीला वर्षाला 714, 1000 ते 1500 सीसी मोटारीला 3,416, वर जीएसटी. मात्र निलंबित चालकाच्या हातून अपघात झाला, तर कंपनी जखमीला भरपाई देते आणि मालकानं जाणूनबुजून गाडी दिली असेल तर ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात हे मान्य केलंय. स्वतःच्या गाडीचा क्लेमही बहुधा बुडतो.

आणि तीन महिने गाडी उभीच आहे म्हणून पॉलिसी लांबवू नका. मुदत संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम न घेतलेल्यांना तो ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर 50 टक्के मिळतो.