थांबा, पुन्हा मोजू या

मेघालयातल्या गुहा-सर्वेक्षणाच्या मोहिमेवर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा सह्याद्रीतली पंधरा वर्षांची भटकंती गाठीशी होती. दोराचा सराव होता, अंधाराचं भय नव्हतं. एवढ्या शिदोरीवर निभेल, असं मी धरून चालले होते. तिथे माझ्या हातून चूक झाली ती वेगळीच. मनात आलेली शंका मी बोलून दाखवली नाही आणि त्यापायी चार जणांचा अख्खा दिवस वाया गेला. अशा वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात स्वयंसेवक म्हणून जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आपला सह्याद्री बेसाल्टचा. आपल्याकडे ‘गुहा’ म्हटलं की बहुतेकदा माणसाने कोरलेली लेणीच डोळ्यांपुढे येतात. मेघालयाच्या दक्षिण भागात मात्र चुनखडीचा पट्टा आहे. चेरापुंजी-मावसिनरामच्या बाजूला कोसळणारा, किंचित आम्लधर्मी पाऊस त्या दगडात झिरपतो, त्याला विरघळवतो आणि आत वाटा तयार होतात. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. १९९२ पासून मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनचे लोक आणि ब्रिटन-युरोपातले गुहा-शोधक मिळून या वाटा मोजत आले आहेत. पावसाळ्यात गुहा पाण्याने भरतात, म्हणून काम चालतं ते कोरड्या दिवसांत, फेब्रुवारीच्या सुमारास. आजवर ४०० किलोमीटरहून अधिक वाटा नकाशावर आल्या आहेत. एकट्या क्रेम लियात प्राहची लांबी ३० किलोमीटरच्या पुढे जाते. हे कुणा एकाचं काम नाही. एकाने जिथे वही मिटली, तिथूनच पुढच्या वर्षी दुसरा मोजायला लागतो. म्हणून वहीतला प्रत्येक आकडा पुढच्या माणसाला डोळे मिटून विश्वास ठेवता येईल असा हवा.

मोजणीची रीत दिसायला सोपी आहे. दगडावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावायचा. तिथून पुढच्या ठिपक्यापर्यंतचं अंतर, दिशा आणि चढ-उताराचा कोन घ्यायचा. एक जण आकडा सांगतो; वहीवाला तोच मोठ्याने परत म्हणतो, लिहितो आणि भिंतींचं रेखाटन करतो. मधूनमधून पुढच्या ठिपक्यावरून मागे पाहून ताळा घ्यायचा. पुढे ६४ अंश आले असतील, तर मागे २४४ यायला हवेत.

त्या दिवशी होकायंत्र माझ्याकडे होतं, ताळ्याची जबाबदारीही माझीच. मांडीपर्यंत पाण्यात उभं राहून मागे पाहिलं, तर २४४ ऐवजी आकडा २५१. सात अंशांचा फरक! पुन्हा पाहिलं, तेच. वहीवाल्याचे ओठ थंडीने थरथरत होते. मी नवखी, बाकीचे मुरलेले. माझंच वाचायला चुकत असेल, उगाच सगळ्यांना का ताटकळत ठेवायचं, असं म्हणून मी मागचा आकडा सांगितलाच नाही. पुढेही दोनदा तसंच झालं. दोन्ही वेळा मी गप्प राहिले.

संध्याकाळी छावणीत आकडे संगणकात भरले. वाट फिरून पहिल्याच ठिपक्याशी येत होती. अर्धी मी मोजलेली, अर्धी दुसऱ्याने. पडद्यावर दोन टोकं भेटायला हवी होती. त्यांच्यामध्ये अकरा मीटरची फट होती. मी लगेच सगळं सांगितलं. माझ्या सामानाची झडती झाली आणि कारण हाती आलं: छातीच्या खिशातली जादा विजेरी. लोखंडाला चिकटावी म्हणून तिच्या बुडाशी चुंबक होतं. होकायंत्र डोळ्याशी धरलं की हे चुंबक त्याच्यापासून वीतभर अंतरावर यायचं. आमच्या म्होरक्याने आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला, “तिथेच बोलली असतीस, तर दहा मिनिटांत निभावलं असतं.” दुसऱ्या दिवशी नवीन वाट शोधायची सोडून आम्ही माझेच ठिपके पुन्हा मोजत गेलो.

तेव्हापासून नव्यांना मी काही गोष्टी आवर्जून सांगते.

गुहेत शिरण्याआधी बाहेर उघड्यावर उभं राहून लांबच्या एखाद्या झाडाची दिशा घ्या. एकदा सगळं सामान अंगावर असताना, एकदा उतरवून. आकडे वेगळे आले, तर दोषी वस्तू शोधा. विजेरी, फोन, पोलादी कॅराबिनर, चष्म्याची दांडी, काहीही असू शकतं. आता लेझरची यंत्रं आली आहेत. पण दिशा तीही चुंबकीय संवेदकानेच घेतात, तेव्हा त्यांनाही हीच काळजी लागते.

कपडे चालण्याच्या हिशोबाने घालू नका, थांबण्याच्या हिशोबाने घाला. रेखाटणाऱ्याला वेळ लागतोच आणि ओल्या अंगाने स्थिर उभं राहिलं की ऊब झपाट्याने जाते. गारठलेला माणूस घाई करतो, घाईत शंका गिळतो. माझं तेच झालं.

उजेडाची तीन स्वतंत्र साधनं जवळ ठेवा. कुठल्या गुहेत जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल, हे छावणीत लिहून ठेवल्याशिवाय पाऊल उचलू नका. जमीन गावकऱ्यांची आहे. गावप्रमुखाची परवानगी आधी, दोर नंतर. आणि मोजणी सोडून पुढे धावू नका. कुणाचा पाय न लागलेला चिखल एकदाच तुडवता येतो.

हा काटेकोरपणा कशासाठी, तर या डोंगरांत चुनखडीच्या आणि कोळशाच्या खाणी आहेत. पोटात काय आहे हे नकाशावर नसेल, तर वाचवा म्हणून बोट दाखवायला जागा राहत नाही. मॉमलुह गुहेतल्या एका चुनखडी-स्तंभात सापडलेल्या नोंदीवरून ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या काळाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. अशा किती नोंदी अजून अंधारात उभ्या असतील!

नंतरच्या एका मोहिमेत वही माझ्याकडे होती. नागपूरहून आलेली एक विद्यार्थिनी होकायंत्रावर होती, पहिलाच दिवस. कंबरभर पाण्यातून तिचा आवाज आला, “ताई, थांबा. मागचा आकडा जुळत नाहीये.” सगळे कुडकुडत होतो, तरी थांबलो. तिने पुन्हा पाहिलं. चूक माझी निघाली. तिने सांगितलेले ८७ मी ७८ लिहिले होते. मी आकडा खोडला, नवा लिहिला, मोठ्याने म्हणून दाखवला आणि आम्ही पुढच्या ठिपक्याकडे निघालो.