ग्रिडमधली सातवी ओळ नेमकी कुणाची?

पतसंस्थेचं खातं असो, औषधांच्या घाऊक दुकानातला साठा असो की गृहनिर्माण संस्थेची सभासद-यादी, डेस्कटॉप प्रोग्रॅम वापरणाऱ्याचा दिवस बहुतेक एका ग्रिडसमोर जातो. ओळ निवडायची, आकडा बदलायचा, सेव्ह दाबायचं. समोर दिसणाऱ्या त्या ओळी-रकान्यांची सवय इतकी होते की प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही हळूहळू वाटू लागतं, माहिती ग्रिडमध्येच आहे. माझ्या मते बिघाडाची सुरुवात याच समजुतीत असते. ग्रिड माहिती दाखवतो, ती ठेवत नाही. डॉटनेटच्या 2.0 आवृत्तीबरोबर 2005 साली विंडोज फॉर्म्समध्ये डेटाग्रिडव्ह्यू आणि बाइंडिंगसोर्स आले आणि त्यांच्यावर उभे असलेले कितीतरी प्रोग्रॅम आजही रोज पैशांचे हिशेब करतात. तिथे ही समजूत महागात पडते, कारण तिच्यातून होणाऱ्या चुका बहुधा एरर देत नाहीत. त्या मुकाट्याने चुकीचा आकडा लिहून मोकळ्या होतात.

सगळ्यात धोकादायक प्रकार आधी पाहू. सभासदांचं एक डेटाटेबल ग्रिडला डेटासोर्स म्हणून जोडलं आहे आणि ओळीवर डबल-क्लिक केलं की त्या सभासदाचा तपशील उघडायचा आहे. इव्हेंटमधून रोइंडेक्स मिळतो. पुष्कळ कोडमध्ये तोच क्रमांक उचलून थेट टेबलमधली त्या क्रमांकाची ओळ घेतलेली दिसते. चाचणीत हे बरोबर चालतं, कारण चाचणी करणारा प्रोग्रॅम उघडतो, क्लिक करतो आणि बंद करतो. वापरणारा मात्र आधी नावाच्या मथळ्यावर क्लिक करून यादी अकारविल्हे लावून घेतो. त्या क्षणी ग्रिडमधला क्रम बदलतो, पण टेबलमधल्या ओळी जागच्या हलत नाहीत. ग्रिड वरकरणी टेबलला जोडलेला दिसत असला तरी आत तो टेबलच्या डिफॉल्टव्ह्यूला जोडलेला असतो आणि सॉर्ट होतो तो हा व्ह्यू. आता ग्रिडमधल्या सातव्या ओळीत जोशी आहेत आणि टेबलमधल्या सातव्या ओळीत कांबळे. स्क्रीनवर जोशींची ओळ निवडून व्याजदर बदलला तर तो कांबळ्यांच्या खात्यात बदलतो. इशारा नाही, एरर नाही. चूक कळते ती कांबळे पासबुक घेऊन येतात तेव्हा.

यावर कुणी म्हणेल, मग सॉर्टच बंद करून टाकू, प्रत्येक कॉलमचा सॉर्टमोड नॉटसॉर्टेबल केला की झालं. नाही झालं. डेटाबेसमधून आलेली ओळ डिलीट केली की ती टेबलमधून लगेच जात नाही. तिची स्थिती ‘डिलीटेड’ अशी नोंदली जाते आणि बदल सेव्ह होईपर्यंत ती तिथेच बसून राहते, कारण डेटाबेसमधून काय काढायचं हे ॲडॅप्टरला तिच्याचकडून कळतं. व्ह्यू तिला दाखवत नाही एवढंच. म्हणजे तिसरी ओळ काढली की तिच्या खालच्या सगळ्या ओळींचे ग्रिडमधले क्रमांक एकाने वर सरकतात, टेबलमधले मात्र तसेच राहतात, आणि यासाठी सॉर्ट लागतच नाही. फिल्टर लावला तर हा फरक आणखी वाढतो. तेव्हा उपाय सॉर्ट काढून घेण्यात नाही, क्रमांकाला ओळख मानणं सोडण्यात आहे. ग्रिडच्या ओळीला तिचा डेटाबाउंडआयटम विचारावा. तो डेटारोव्ह्यू असतो आणि त्याच्या रो या प्रॉपर्टीतून टेबलमधली नेमकी ओळ हातात येते. कोडच्या एका ओळीचं काम आहे, आणि यादी कशीही लावली तरी जोशी जोशीच राहतात.

सेव्हच्या बाबतीतही हाच घोटाळा दुसऱ्या रूपात येतो. वापरणारा शेवटच्या सेलमध्ये रक्कम टाइप करतो आणि तिथूनच वरच्या टूलस्ट्रिपवरचं सेव्ह दाबतो. टूलस्ट्रिपचं बटण फोकस घेत नाही, त्यामुळे सेल सोडला असं ग्रिडला वाटतच नाही. रक्कम डोळ्यांना दिसते, टेबलमध्ये नसते. सेल सोडून त्याच ओळीतल्या शेजारच्या सेलमध्ये गेलं तरी भागत नाही, कारण ओळ संपादनात असेपर्यंत नवा आकडा ‘प्रस्तावित’ म्हणून वेगळा ठेवलेला असतो आणि ओळीची स्थिती ‘अनचेंज्ड’च राहते. टिकमार्कच्या कॉलममध्ये हे सगळ्यात ठळक दिसतं. खूण उमटते, पण सेल सोडेपर्यंत किंमत पुढे जात नाही. तिथे करंटसेलडर्टीस्टेटचेंज्ड या इव्हेंटमध्ये कमिटएडिट बोलवावं लागतं. व्हिज्युअल स्टुडिओचा डिझायनर सेव्हच्या बटणासाठी जो कोड आपोआप लिहून देतो, तो एकदा शांतपणे वाचावा. आधी व्हॅलिडेट, मग बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट आणि त्यानंतरच अपडेट. या पहिल्या दोन ओळी फालतू समजून काढून टाकलेल्या दिसल्या की मला त्या प्रोग्रॅमची काळजी वाटते.

ॲक्सेप्टचेंजेसचंही असंच. नावावरून वाटतं की बदल पक्के होतील, म्हणून अपडेटच्या आधी ते बोलवलं जातं. प्रत्यक्षात ते सगळ्या बदललेल्या ओळींवर ‘अनचेंज्ड’चा शिक्का मारतं. मग ॲडॅप्टरला लिहिण्यासारखं काही सापडत नाही, तो शून्य परत करतो आणि ‘माहिती जतन झाली’ असा संदेश झळकतो. यशस्वी अपडेटनंतर ॲडॅप्टर हे काम स्वतःहून करतो, ते आपण आधी करायचं नसतं.

दिसणं आणि असणं यांची सरमिसळ आकड्यांच्या आणि तारखांच्या मांडणीतही होते. 1,25,000.00 असं छान दिसावं म्हणून क्वेरीतच रकमेचा मजकूर करून टाकतात. मग चढत्या क्रमाने लावल्यावर सव्वा लाख नऊशेच्या आधी येतात, कारण तुलना आता अक्षरांची असते आणि 1 हा 9 च्या आधी येतो. तारखांची गतही तशीच, 02/01/2024 ही 15/12/2023 च्या वर जाऊन बसते. टेबलमध्ये रक्कम डेसिमलच राहू द्यावी आणि तारीख तारीखच. कॉलमच्या डिफॉल्टसेलस्टाइलला फॉरमॅट सांगितला आणि भारतीय कल्चर दिलं की लाख-हजारांचे स्वल्पविराम जागेवर पडतात आणि क्रमही बिघडत नाही. किंमत कॉलमच्या प्रकारात बसली नाही की ग्रिड एक कटकटीचा डायलॉग दाखवतो; डेटाएरर इव्हेंटला रिकामा हँडलर जोडून तो बंद करणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे: तो डायलॉग वापरणाऱ्याला दाखवू नका हे खरं, पण कारण तरी कुठेतरी नोंदवा.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो. अनेक अनुभवी मंडळी म्हणतात की बाइंडिंगमध्ये पडद्यामागे काय चालतं ते कळत नाही, त्यापेक्षा आपण लूप लावून ओळी भराव्यात, सगळं आपल्या हातात राहतं. यात तथ्य आहे. साधी लिस्ट जोडून तिच्यात नवा घटक टाकला तर ग्रिडला पत्ता लागत नाही, त्यासाठी बाइंडिंगलिस्ट हवी. घटकातल्या एखाद्या प्रॉपर्टीचा बदल दिसावा तर आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्डही हवं. तरीही मथळ्यावर क्लिक करून सॉर्ट होत नाही, कारण बाइंडिंगलिस्टमध्ये ती सोय मुळात नाही. पार्श्वभूमीच्या थ्रेडवरून यादी बदलली तर प्रोग्रॅम कोसळूही शकतो. हे नियम शिकावे लागतात, त्याला इलाज नाही. पण लूप लावून ओळी भरल्या की तीच माहिती दोन ठिकाणी होते, आणि प्रत्येक बदल दोन्हीकडे नेण्याची जबाबदारी कायमची आपल्यावर येते. सहा महिन्यांनी दुसरा कुणी नवं बटण जोडतो आणि एक बाजू विसरतो. डेल्फीने 1995 मध्ये डीबीग्रिड आणि डेटासेट वेगळे ठेवले, क्यूटीने चौथ्या आवृत्तीत मॉडेल आणि व्ह्यू वेगळे केले. वेगवेगळ्या घराण्यांतले अभियंते याच विभागणीवर आले, याला मी मोठा पुरावा मानतो. दहा ओळींची, न बदलणारी, फक्त वाचायची यादी हाताने भरली तर माझी हरकत नाही.

दुसरा आक्षेप वेगाचा. लाखभर ओळी बाइंड केल्या की ग्रिड अडखळतो म्हणतात. आधी ऑटोसाइझकॉलम्समोड पाहावा. तो ऑलसेल्सवर असेल तर रुंदी ठरवण्यासाठी ग्रिड एकूण एक सेल मोजत बसतो, आणि दोष बाइंडिंगच्या माथी येतो. लाखभर ओळी माणूस वाचणार आहे का, हाही प्रश्न आहेच. शोधाची चौकट देऊन थोड्याच आणाव्यात. खरोखरच तेवढ्या हव्या असतील तर व्हर्च्युअलमोड आहे. त्यात दिसणाऱ्या सेलपुरती किंमत ग्रिड सेलव्हॅल्यूनीडेड या इव्हेंटमधून मागून घेतो. म्हणजे वेगासाठी बाइंडिंग सोडलं तरी माहिती ग्रिडबाहेरच ठेवावी लागते.

तुमच्याकडे असा एखादा चालता प्रोग्रॅम असेल तर आजच त्याच्या कोडमध्ये रोइंडेक्स शोधा. तो क्रमांक जिथे जिथे ग्रिडबाहेरच्या टेबलला किंवा लिस्टला दिलेला सापडेल, तिथे डेटाबाउंडआयटम घाला. मग मथळ्यावर क्लिक करून, मधली एक ओळ काढून आणि शेवटच्या सेलमधून न हलता सेव्ह दाबून पाहा, आणि डेटाबेस उघडून आकडा स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.