एका कानात तीन ‘या’

२०१७च्या जुलैत मी एकाच आठवड्यात तीन भाषांच्या वर्गांत नाव घातलं. सकाळी सात ते नऊ जर्मन, आठवड्यातून तीन दुपारी स्पॅनिश आणि संध्याकाळी सहा ते आठ जपानी. बँकेतली नोकरी सोडली होती आणि गाठीला वर्षभर पुरतील एवढे पैसे होते. वर्षाअखेर भाषांतराचं काम मिळवायचं, असा बेत. पुण्यात राहणाऱ्याला हा बेत काही वेडगळ वाटत नाही. चाकणकडे जर्मन कंपन्या आहेत, जपानीही आहेत आणि स्पॅनिश तर वीस देशांची राजभाषा. एक भाषा येणारे पुष्कळ असतील, तीन येणारे थोडेच, एवढाच माझा हिशेब होता.

तोच हिशेब घेऊन आज माझ्याकडे कुणी ना कुणी येतं. परवा शेजारच्या काकूंची भाची आली होती. पदवी झाली, एक वर्ष मोकळं ठेवलंय, त्यात जर्मन, फ्रेंच आणि जमलं तर कोरियन. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिले सहा आठवडे फार छान गेले. हे आधी सांगायला हवं, कारण फसगत तिथेच होते. नाव, गाव, आकडे, वार, आवडीनिवडी, एवढ्यावर कुठल्याही भाषेचा पहिला महिना निघतो. आपल्याला तर तो जास्तच सोपा जातो. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात कर्ता कॉफी असते, ‘मी’ नव्हे; स्पॅनिशची ‘मे गुस्ता एल काफे’ ही रचना हुबेहूब तशीच आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि आपल्या ‘ला’, ‘त’, ‘हून’सारखे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, तीही आपल्या घरचीच गोष्ट. तिन्ही वर्गांत मी पहिल्या दोन-तिघांत होते. घरी आईला सांगत होते, की लोक उगीच बाऊ करतात.

सातव्या आठवड्यात जर्मनच्या वर्गात हवामानावर परिच्छेद लिहायचा होता. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, ‘डी झॉनं’. चंद्र पुल्लिंगी, ‘डेअर मोंट’. त्याच आठवड्यात स्पॅनिशच्या बाईंनी शिकवलं, ‘एल सोल’ पुल्लिंगी, ‘ला लूना’ स्त्रीलिंगी. बरोबर उलट. मी सकाळच्या वहीत ‘डेअर झॉनं’ लिहिलं, खोडून ‘डी’ केलं, मग चंद्रालाही ‘डी’ लावून टाकलं आणि दुपारच्या वहीत ‘ला सोल’ लिहून आले. त्या दोन्ही वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या आठवड्याची पानं खाडाखोडीनं काळी झाली आहेत.

पुढे बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ही चूक मराठीमुळे होत नव्हती. मराठीत सूर्य आणि चंद्र दोघेही ‘तो’. मराठीच्या सवयीनं लिहिलं असतं तर चंद्राला ‘डी’ कधीच लागलं नसतं. एक परकी भाषा दुसऱ्या परक्या भाषेत शिरत होती. मायबोलीची डोक्यात स्वतःची जागा असते, इथे ती वाटेत आली नव्हती. ज्या अजून कच्च्या आहेत त्या भाषा मात्र सगळ्या एकाच फडताळात कोंबल्या जातात आणि घाईत हात घातला, की जो शब्द वर असेल तो हाती येतो. जर्मनच्या तोंडी परीक्षेत समोरच्यानं साधा प्रश्न विचारला आणि मी ‘हाय’ म्हणाले. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. उत्तर बरोबर होतं, भाषा चुकली होती.

डिसेंबरात जपानीची एन-फाइव्ह परीक्षा दिली. पाच पातळ्यांतली ही सगळ्यात खालची. १८० पैकी ८० गुण मिळाले की पास, असं बरेच जण समजतात; तेवढंच पुरत नाही. भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी निदान ३८ आणि श्रवणात ६० पैकी निदान १९ वेगवेगळे मिळवावे लागतात. श्रवणाचं ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं. एका प्रश्नात बाई दुकानात काय काय घेतलं ते सांगत होती: ‘रिंगो या मिकान’, म्हणजे सफरचंद, संत्री वगैरे. हा ‘या’ मला वर्गात आला होता, पाठ होता. पण त्या दिवशी तो कानावर पडला आणि मनात आधी जर्मनचा ‘या’ उमटला, ‘हो’. मग स्पॅनिशचा, ‘आता’, ‘झालंच’. तो ‘वगैरे’ अर्थाचा आहे हे आठवेपर्यंत बाई पुढे गेली होती, पुढचा प्रश्न सुरू झाला होता आणि मी अजून मागच्याच दुकानात उभी होते. निकाल आला: एकूण ८७, श्रवण १७. नापास.

निकालाचा कागद घेऊन मी जपानीच्या बाईंकडे गेले.

“घरी रोज किती वेळ जपानी ऐकतेस?”

“अर्धा तास.”

“त्याच्या आधी काय करतेस?”

“स्पॅनिशचा गृहपाठ.”

“आणि नंतर?”

“जर्मनचे शब्द.”

“अगं, मग मुरायला वेळ कधी देतेस?”

मी तासांचा हिशेब ठेवला होता, मुरण्याचा नव्हता. वर्गात ऐकलेलं रस्त्यानं चालताना, भाजी निवडताना, झोपायच्या आधी मनात आपोआप घोळत राहतं. नव्या भाषेचे कान तिथे तयार होतात. माझ्या दिवसात तशी मोकळी जागाच उरली नव्हती. एका भाषेचं घोळणं सुरू होतंय तोवर दुसरीचा वर्ग भरायचा. जानेवारीत स्पॅनिश सुटली, जपानीही. जूनमध्ये पैसे संपले तेव्हा हातात जर्मनच्या ए-टू या प्राथमिक पातळीचं एक प्रमाणपत्र होतं. तेवढ्यावर भाषांतराचं काम कुणी देत नाही.

या सगळ्यात माझे आजोबा विनोबांचं उदाहरण देत. विनोबांनी तुरुंगात असताना दक्षिणेच्या चारही भाषा शिकून घेतल्या, हे खरंच आहे. मला त्या उदाहरणानं बळ आलं होतं. पण आज वाटतं, आम्ही दोघांनीही ते नीट पाहिलं नाही. विनोबांचं संस्कृत पक्कं होतं, त्या चारही भाषांत संस्कृत शब्दांचा मोठा साठा आहे; म्हणजे पाया आधीच घातलेला होता. समोर मोकळा दिवस होता आणि कुठल्या तारखेला परीक्षा नव्हती. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं.

वेळ किती लागतो, याचा अंदाज हवा असेल तर एक आकडा सांगते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कामकाजापुरती भाषा यायला स्पॅनिशसाठी सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानीसाठी सुमारे २२०० तास वर्गात बसावं लागतं, असा तिचा अनुभव आहे. घरचा अभ्यास वेगळा. हे इंग्रजी बोलणाऱ्यांचे आकडे आहेत, आपले थोडे वेगळे पडतील. तरीही वर्षाचे दिवस ३६५च असतात. मी हा भागाकार नाव घालायच्या आधी करायला हवा होता. तुम्ही तो आजच कागदावर करा.

दोन भाषा शिकूच नयेत असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की दोन भाषा एकाच दिवशी शून्यातून सुरू करू नयेत. पहिली बी-वनपर्यंत न्या. बी-वन म्हणजे अडखळत का होईना, आपलं म्हणणं तयारी न करता सांगता येणं. तोवर तिला घरात एकटीला राहू द्या. नंतर दुसरी घेतली तर पहिलीच्या जागेला धक्का लागत नाही. हे मी करून पाहिलं आहे: २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षं फक्त जर्मन, बी-वनचे चारही भाग पार पडल्यावरच पुन्हा जपानीची वही उघडली. त्यानंतर ‘या’ ऐकताना एकदाही अडले नाही.

वर्ष एकच असेल आणि दोन भाषा टाळताच येणार नसतील, तर एक मुख्य धरा आणि दुसरी रोज वीस मिनिटं, तीही फक्त ऐकण्यापुरती. तिची परीक्षा त्या वर्षी देऊ नका. शक्य तर दोन्ही दूरच्या कुळातल्या निवडा. स्पॅनिश आणि इटालियन एकत्र घेतली तर अर्धे शब्द सारखे म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, पण ‘बुर्रो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये गाढव आणि इटालियनमध्ये लोणी. दोन्ही कच्च्या असताना अशा जोड्या फार छळतात.

आणखी एक सवय मोडा, जी माझी फार उशिरा मोडली. उच्चार देवनागरीत लिहून ठेवणं. आपली लिपी उत्तम आहे म्हणून हा मोह होतो. पण जर्मनमध्ये ‘आधीच’ आणि ‘सुंदर’ हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचे स्वर वेगळे आहेत आणि माझ्या वहीत दोन्ही ‘शोन’ होते. जपानीत मावशी-काकू आणि आजी यांच्यात फरक फक्त स्वर लांबवण्याचा, आणि माझ्या वहीत दोघीही ‘ओबासान’. डोळ्यांना जे सारखं दिसलं, ते कानांनी सारखंच धरलं. जपानीची हिरागाना पहिल्या पंधरा दिवसांत पक्की करा, एकूण ४६ मुळाक्षरं आहेत. मग देवनागरी बंद. व्याकरण मात्र मराठीतून समजून घ्या, इंग्रजीतून नको. ‘घर’चं ‘घराला’ का होतं, हे ज्याला मनात दिसतं त्याला जर्मन विभक्ती परकी वाटत नाही.

हे वाचताना तुम्ही आधीच तीन वर्गांत बसला असाल, तर उद्याच कार्यालयात जाऊन विचारा, की पुढच्या बॅचला नाव ढकलता येईल का. फी परत मिळणं कठीण असतं, पण जागा पुढे मिळते, असं मला नंतर कळलं. मी जानेवारीत नुसतं जाणं बंद केलं आणि पैसेही गेले. कोणती ठेवायची हे ठरवताना नोकरीच्या जाहिराती बाजूला ठेवा. आठवडाभर बघा, कुठल्या भाषेतलं गाणं किंवा बातमी तुम्ही कुणी सांगितलेलं नसताना लावता. काकूंच्या भाचीनं असा आठवडा पाहिला. तिचं कोरियन निघालं, जे तिनं ‘जमलं तर’ म्हणून शेवटी लिहिलं होतं.