उन्हाळी सुटीत शेतावरील मुलांची सुरक्षितता

वार्षिक परीक्षा आटोपल्या की जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भात आणखी काही दिवस, शाळा बंद असतात. याच काळात शेतावर नांगरट, वखरणी, उन्हाळी भुईमुगाची काढणी, विहिरीतील गाळ काढणे, धान्य वाळवून साठवणे अशी कामे चालू असतात. घरातील मोठी माणसे त्यात गुंतलेली असतात आणि मुले मात्र दिवसभर मोकळी असतात. त्यांच्या जोडीला शहरातून आजोळी आलेली भावंडे असतात. त्यांना बहुधा पोहता येत नाही, कोणत्या बाटलीत काय आहे हे ठाऊक नसते आणि विहिरीचा काठ कोठे ढासळला आहे हेही माहीत नसते.

“तिकडे जाऊ नको” एवढे सांगितले म्हणजे आपली जबाबदारी संपली असे होत नाही. चेंडूमागे धावणारे पाच-सहा वर्षांचे मूल ती ताकीद क्षणात विसरते. कीड पडण्यापूर्वीच आपण पिकाची काळजी घेतो, त्याचप्रमाणे मूल विसरले तरी अपघात होणार नाही अशी व्यवस्था सुटीपूर्वीच शेतावर करावयास हवी. त्या दृष्टीने पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

विहीर आणि शेततळे

राज्यात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली. फळबागेसाठी प्लास्टिक कागदाचे अस्तर असलेली शेततळी आता अनेक गावांत दिसतात. त्यांची खोली साधारणपणे ३ मीटर, म्हणजे सुमारे १० फूट असते. अस्तराचे तळे हे विहिरीपेक्षा वेगळ्या प्रकारे धोकादायक आहे. विहिरीत पडलेल्याच्या हाताला दगडाची खाच, पायरी किंवा मोटारीचा पाईप लागण्याची शक्यता असते. शेततळ्यात मात्र धरण्यासारखे काहीच नसते. ओल्या कागदावर शेवाळ धरते व पाय घसरतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यामुळे चढून येण्याचा उतार आणखी लांबतो. त्यामुळे पट्टीचा पोहणाराही दमून बुडू शकतो. एकाला वाचविण्यास दुसरा उतरतो आणि दोघेही प्राणास मुकतात, असे प्रसंग यामुळेच घडतात. यासाठी पुढील उपाय करावेत.

१. तळ्याच्या चारही बाजूंनी जाळीचे कुंपण करावे व फाटकाला कुलूप लावावे. किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

२. चारही बाजूंना जाड नायलॉनचा दोर पाण्यापर्यंत सोडावा. दोराला दर एक फुटावर गाठ मारावी, म्हणजे हाताची पकड बसते. वरचे टोक बांधापलीकडे पक्क्या रोवलेल्या खुंटाला बांधावे. दोर उन्हाने कुजतो, म्हणून दरवर्षी ओढून तपासावा व गरज पडल्यास बदलावा.

३. हवा भरलेली जुनी ट्यूब दोर बांधून फाटकाजवळ टांगून ठेवावी. बुडणाऱ्याकडे ती फेकावी अथवा लांब बांबू पुढे करावा. स्वतः उडी घेऊ नये.

४. विहिरीला किमान कमरेइतका कठडा बांधावा. ते लगेच शक्य नसल्यास काटेरी फांद्यांचे दाट कुंपण तरी घालावे.

५. वापरात नसलेली कूपनलिका उघडी ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा कूपनलिका तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत माती-वाळूने भरण्याचे निर्देश दिले आहेत. वर पोते किंवा दगड ठेवून भागत नाही. चालू कूपनलिकेच्या तोंडाला पक्के लोखंडी झाकण बसवावे.

सुटीत मुलांनी पोहणे शिकणे ही चांगलीच गोष्ट आहे. ती जाणत्या माणसाच्या नजरेखाली आणि पायऱ्या असलेल्या विहिरीतच व्हावी. उन्हाळ्यात पाण्याखालचे खडक वर येतात व तळाशी गाळ असतो, म्हणून सूर मारू देऊ नये. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधत, आता प्लास्टिकचा कॅन बांधतात. हा कॅन कीटकनाशकाचा रिकामा कॅन कधीही नसावा.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगणे, गोल फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यात वेळ घालवू नये. श्वास चालू नसल्यास मुलाला पाठीवर निजवून मान किंचित मागे करावी, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा. नंतर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब व २ वेळा श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कीटकनाशके आणि धान्यातील गोळ्या

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोठ्या माणसाच्या बाबतीत असे होते, तर मुलाचे काय? ६० किलो वजनाच्या माणसाच्या पोटात गेलेला घोट आणि १२ किलोच्या मुलाच्या पोटात गेलेला तेवढाच घोट सारखे नसतात. वजनाच्या मानाने मुलाला पाचपट विष मिळते.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दर्शवितो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा अर्थ मात्र घेऊ नये. औषध नेहमी मूळ डब्यातच व कुलूपबंद पेटीत ठेवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. रिकामे डबे भोके पाडून निकामी करावेत.

धान्याच्या कोठीत घालण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. तो बंद खोलीत साठतो आणि फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. धान्याच्या खोलीत निजलेल्या मुलांना रात्री उलट्या, पोटदुखी व अस्वस्थपणा सुरू होतो आणि घरचे लोक अन्नातून बाधा झाली असे समजतात. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीत. त्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरावयाच्या असतात. घरच्या धान्यासाठी ते कडक उन्हात वाळवून, थंड झाल्यावर हवाबंद कोठीत भरणे हा सुरक्षित उपाय आहे.

विषबाधेचा संशय येताच मुलाला मोकळ्या हवेत आणावे. अंगावर औषध सांडले असल्यास कपडे काढून साबणाने धुवावे. औषध पोटात गेले असल्यास मीठपाणी पाजून उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा माहितीपत्रक डॉक्टरांकडे सोबत न्यावे. त्यावर उतारा छापलेला असतो.

यंत्रे आणि वीज

उन्हाळ्यात कडबा कुट्टी यंत्र रोज चालते. त्याच्या पट्ट्यावर व चाकावर जाळी असावी, तसेच काम संपताच मुख्य बटण बंद करावे. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलांना बसवू नये, विशेषतः मागे रोटाव्हेटर जोडलेला असताना. मोटारीचा स्टार्टर बंद पेटीत व मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर असावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे. त्या तारेला प्रथम हात लागतो तो बहुधा आपल्याच माणसाचा.

साप आणि विंचू

उकाड्यामुळे मुले अंगणात किंवा जमिनीवर निजतात. मण्यार रात्री फिरते व तिचा दंश फारसा दुखत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसल्यास दंशाची खूण नसली तरी दवाखाना गाठावा. खाटेवर, कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत निजणे हा उत्तम प्रतिबंध होय. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो भाग न हलविता मुलाला रुग्णालयात न्यावे.

लाल विंचवाच्या दंशाने मुलाला दरदरून घाम येतो, उलट्या होतात व हातपाय गार पडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे उपचार लवकर मिळाले तर मूल वाचते. मंत्र-तंत्रात गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

ऊन आणि पाणी

दुपारी १२ ते ४ या वेळेत मुलांना उन्हात पाठवू नये. ताक, कैरीचे पन्हे, लिंबू सरबत वरचेवर द्यावे. जुलाब किंवा थकवा असल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले किंवा बेशुद्ध झाले तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व त्वरित दवाखान्यात न्यावे. बेशुद्धावस्थेत तोंडाने काहीही देऊ नये.

सुटीपूर्वी शेतफेरी

सुटी लागण्यापूर्वी एक सकाळ यासाठी राखून ठेवावी. घरातील पती-पत्नी दोघांनी मिळून गोठा, खळे, औषधांची पेटी, धान्याची खोली, मोटार, विहीर व शेततळे अशी फेरी मारावी. मधूनमधून खाली बसून मुलाच्या उंचीवरून पाहावे. उभ्याने न दिसणारी उघडी वायर, खालच्या फळीवरची बाटली, कुंपणातील भोक त्या उंचीवरून दिसते. जे दिसेल ते त्याच दिवशी दुरुस्त करावे. पाहुणी मुले आली की पहिल्याच दिवशी त्यांना सोबत नेऊन धोक्याच्या जागा दाखवाव्यात. रोज दुपारी मुले कोणाच्या नजरेखाली राहतील हे सकाळीच नावानिशी ठरवावे. ‘घरात कोणीतरी आहे’ या भरवशावर राहिल्यास प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते.

गाठी मारलेला दोर, एक कुलूप आणि एक सकाळ एवढाच यास मुख्य खर्च आहे. शेतकरी बंधू-भगिनींनी तो या सुटीपूर्वी अवश्य करावा.