पट्टी कुठली ते नंतर, जखम किती खोल ते आधी

वहिनींच्या उजव्या हातावर चकल्यांचं तेल सांडलं, तेव्हा दादाने जे करायला हवं तेच केलं. बांगड्या-अंगठी उतरवली आणि हात वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन धावत आल्या होत्या, ती लावू दिली नाही. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे त्या नर्सिंग होमने आम्हालाच सुनावलं, "घर पे कुछ लगा दिया होगा आप लोगों ने." आम्ही काहीही लावलं नव्हतं.

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातलंच ते नर्सिंग होम. घराजवळ, म्हणून गेलो. डॉक्टरांनी जखम पाहायला जेवढा वेळ दिला, त्याच्या दुप्पट वेळ मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवायला दिला. ब्राझीलमधला एक भाजलेला माणूस, हातावर माशाची कातडी चिकटवलेली. "यही लगाएँगे. आठ-दस दिन में नई चमड़ी." पैसे वेगळे आणि रोख. वहिनी कट्टर शाकाहारी. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हात वाचणार असेल तर मासा चालेल."

मी तेव्हाच विचारलं होतं, की मनगटाजवळचा हा पट्टा असा पांढरट, कोरडा का दिसतोय? आणि तिथे बोट लावलं तर वहिनींना कळत का नाही? उत्तर मिळालं, "दर्द नहीं है, ये तो अच्छी बात है मैडम. आप तो पढ़े-लिखे लोग हैं." शिकलेल्या माणसाने प्रश्न विचारायचे नसतात, असा त्यांचा सूर होता. मी गप्प बसले नाही, पण दादाला पेशंट घेऊन उठून जाणं जड वाटलं.

माशाची कातडी हे थोतांड नाही, हे आधी नीट सांगते, नाहीतर माझ्या रागाचा फटका भलत्यालाच बसेल. ब्राझीलच्या ईशान्येला फोर्तालेझा शहरात डॉ. एडमार मासिएल आणि तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी हे काम केलं. मासा तिलापिया, उजनीच्या धरणात चिलापी म्हणून मिळतो तोच. त्याच्या कातडीत कोलॅजेन भरपूर असतं, ओल टिकते, आणि ती जखमेला घट्ट चिकटते. त्यामुळे रोज पट्टी सोडवताना जो जीव जातो, तो त्रास वाचतो. तिथे त्वचापेढ्या मोजक्याच, म्हणून हा मार्ग शोधला गेला. पण ती कातडी बाजारातून आणून लावत नाहीत. जंतुनाशकात धुतात, ग्लिसरॉलमध्ये ठेवतात, किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात. आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीवर असंच काम झालं, आणि केरेसिस या कंपनीच्या पट्टीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये मान्यता दिली.

आपल्याकडेही या बाबतीत कमी डोकं चाललेलं नाही. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून 1985 मध्ये त्याचा शोधनिबंध लिहिला. सायनच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. दोन्ही स्वस्त, दोन्ही निर्जंतुक केलेल्या. व्हिडिओ बघून कोणी घरी साल, पान किंवा मासळी बाजारातली कातडी हातावर चिकटवायला जाऊ नये.

आता वहिनींचं. दुसऱ्या ड्रेसिंगच्या दिवशी मी आत होते. कंपाउंडरने ट्रेमध्ये रिकामं पाकीट टाकलं, ते मी उचललं. त्यातून काढलेली पट्टी भिजलेल्या जिलेटिन कागदासारखी पारदर्शक होती. व्हिडिओतल्या कातडीवर खवल्यांची नक्षी स्पष्ट दिसते, इथे तसं काहीच नव्हतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, कोलॅजेन, बोवाइन. म्हणजे गोवंशाचं. ब्राझीलचं नाव कुठेच नव्हतं. छापील किंमत आम्ही दिलेल्या रकमेच्या जवळपासही नव्हती.

मी पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलंही नाही. "सब कोलॅजेन ही होता है, मछली हो या कुछ भी." मग दादाकडे वळून, "इनको बाहर बिठाइए." ते वाक्य अजून कानात आहे. वहिनींना आम्ही खरं काय ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "लावलं ते लावलं, पण मला विचारायला नको?" गोवंशाच्या कोलॅजेनची पट्टी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. ती देशभर वापरतात आणि अनेकांना तिचा गुण येतो. पण ज्या बाईने देवाला हात जोडून माशाला होकार दिला, तिला न विचारता हे लावायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. त्या पांढऱ्या पट्ट्यावर नवी चमडी आलीच नाही, कडेने वास येऊ लागला. शेवटी बर्न युनिटमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, दुखत नाही म्हणजे तिथल्या मज्जातंतूंची टोकंच जळली आहेत. ही जखम खोल आहे, तिला मांडीची चमडी लावावी लागेल, हे पहिल्या आठवड्यातच ठरायला हवं होतं. मी जो प्रश्न विचारला होता, त्याचं हे उत्तर. बाहेर बसवलं गेलं ते मला.

म्हणून सांगते. कुठली पट्टी लावणार, हे नंतर विचारा. जखम किती खोल आहे, हे आधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. लालसर, ओली, फोड आलेली, झोंबणारी जखम बहुधा वरवरची असते. मासा, कोलॅजेन, केळीचं पान, यांची खरी जागा तिथे आहे. पांढरी, तपकिरी किंवा काळी, कोरडी, न दुखणारी जखम खोल असते, तिला आच्छादन मिळेल पण चमडी उगवणार नाही. तळहात बोटांसकट धरला तर तो अंगाचा साधारण एक टक्का. पण हात, पाय, चेहरा, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल तर टक्के मोजत बसू नका, सरळ बर्न युनिट गाठा.

पट्टीचं पाकीट समोर फोडायला सांगा. कशापासून बनवलंय, छापील किंमत, बॅच, मुदत, परदेशी असेल तर आयातदाराचं नाव आणि लायसन्स नंबर, हे सगळं पाकिटावर असतं. मोबाइलमध्ये फोटो काढा, कोणी नाक मुरडलं तरी काढा. पक्कं बिल घ्या, त्यात पट्टीचं नाव लिहायला लावा. आमच्या बिलात नुसतं 'स्पेशल ड्रेसिंग' होतं आणि त्यावर भांडता येत नाही. केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा. 72 तासांत देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. धीर सोडू नका, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

इंदूरकरांसाठी आणखी एक. माणिकबाग रोडवर चोइथराम रुग्णालयात त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या आणि पाठीवरचा फक्त वरचा पातळ थर घेतात, रक्तगट जुळावा लागत नाही, वयाची फारशी अडचण नसते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या माणसाला ती चमडी काही आठवडे झाकून ठेवते. घरात बोलून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

आणि बोटं. भाजलेल्या हाताची बोटं डॉक्टरांना विचारून पहिल्या दिवसांपासून हलवायची असतात, नाहीतर कातडी आखडते. नर्सिंग होममध्ये हे एकदाही कोणी सांगितलं नाही. वहिनींची मूठ आता मिटते ती फिजिओथेरपीवाल्या मुलीमुळे. ती रोज संध्याकाळी येऊन त्यांच्याकडून पोळपाटावर कणकेचा गोळा दाबून घेते, आणि प्रेशर ग्लोव्ह दिवसभर घातलाय की नाही, हे विचारल्याशिवाय जात नाही.