कुटुंबसंस्था : समाजशास्त्राचा विचार आणि आपले घर



गेल्या वर्षी मी माझ्या शाळेतील नववीच्या मुलामुलींना एक साधा गृहपाठ दिला. आपल्या घरी सकाळी सर्वांत आधी कोण उठते, रात्री सर्वांच्या शेवटी कोण जेवते आणि घरातील पैसा कोणाच्या हातात असतो, हे आठवडाभर पाहून लिहून आणावयाचे. मुलींच्या वह्या भरून आल्या. मुलांच्या वह्यांत चार-सहा ओळी होत्या. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले होते, "आई कधी जेवते ते मी अजून पाहिले नाही."

त्या उत्तराला मी पूर्ण गुण दिले. पण त्या रात्री घरी जेवावयास बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आले, की हाच प्रश्न मला कोणी विचारला असता तर माझेही उत्तर फारसे वेगळे आले नसते. घर आपल्या इतके जवळ असते की त्याचा अभ्यास करावा असे आपल्याला सुचतच नाही. समाजशास्त्र नेमके हेच काम करते. म्हणून या पाठात आपण कुटुंबसंस्थेविषयी समाजशास्त्रज्ञ काय म्हणतात ते समजून घेऊ, आणि तोच प्रकाश आपल्या घरावर टाकून पाहू.

१. कुटुंब म्हणजे काय?

आईबाप आणि त्यांची मुले म्हणजे कुटुंब, असे आपण सहज म्हणतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी १९४९ साली २५० समाजांची माहिती ताडून असेच मत मांडले. कुटुंब सर्वत्र आढळते व ते लैंगिक संबंधांचे नियमन, प्रजोत्पादन, आर्थिक सहकार्य आणि मुलांचे शिक्षण ही चार कामे करते, असे ते म्हणाले.

परंतु आपल्याच देशातील उदाहरणे या व्याख्येत नीट बसेनात. केरळमधील नायर समाजात पूर्वी मुले आईच्या घराण्याची, म्हणजे 'तरवाडा'ची असत. बाप त्या घरात राहत नसे, तो केवळ येऊनजाऊन असे. कारभार मामाकडे असे. मेघालयातील खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घर धाकट्या मुलीकडे जाते. तेथे मुलगी ही 'परक्याचे धन' नाही, तीच घराचा आधार आहे.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाविषयीही बरेच गैरसमज आहेत. शहर आले, नोकरी आली आणि कुटुंब मोडले, अशी हाकाटी नेहमी ऐकू येते. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावाचा अभ्यास करून १९६४ साली दाखवून दिले, की केवळ चुली मोजून कुटुंब कळत नाही. चुली वेगळ्या असल्या तरी पैसा, मालमत्ता आणि अडीनडीला धावून जाण्याची जबाबदारी एकच असू शकते. आपल्यातील किती घरांत मुलगा पुण्या-मुंबईला आणि आईबाप गावी आहेत! दर महिन्याला पैसे येतात, आजारपणात मुलगा रात्रीच्या गाडीने निघतो. हे कुटुंब मोडलेले नाही, ते दोन छपरांखाली राहते एवढेच.

यावरून पहिला धडा असा, की कुटुंबाची घडण कोणा देवाने ठरवून दिलेली नाही. ती माणसांनी परिस्थितीप्रमाणे घडविली आहे, आणि माणसे ती बदलू शकतात.

२. कुटुंब समाजासाठी काय करते?

समाजशास्त्रातील एक पंथ कुटुंबाकडे कार्याच्या दृष्टीने पाहतो. शरीरात जसा प्रत्येक अवयव काही काम करतो तसे समाजात प्रत्येक संस्थेचे काही काम असते, असे हा पंथ मानतो. टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५५ साली सांगितले, की आधुनिक काळात उत्पादन कारखान्यात गेले, शिक्षण शाळेत गेले, तरी दोन कामे कुटुंबाकडेच उरली आहेत. मुलाला समाजाचा घटक बनविणे हे एक, आणि थकल्याभागल्या प्रौढ माणसांना मानसिक आधार देणे हे दुसरे.

पहिल्या कामाला सामाजीकरण म्हणतात. मूल जन्मते तेव्हा त्याला भाषा नसते, धर्म नसतो, जातही ठाऊक नसते. कोणापुढे वाकावयाचे, कोणाला भ्यावयाचे, कोणाला 'अरे' म्हणावयाचे आणि कोणाला 'अहो', हे त्याला घर शिकविते. ते उपदेशाने शिकत नाही, पाहून शिकते. बाप आईवर हात उगारतो हे पाहणाऱ्या मुलाला भिंतीवरच्या तसबिरीतील करुणा कशी कळावी?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. कुटुंब वारसा म्हणून केवळ जमीन आणि पैसा देत नाही. बोलण्याची रीत, पुस्तकांची ओळख, चारचौघांत वावरण्याचा धीर हाही वारसाच असतो. शाळा हा वारसा गृहीत धरते आणि ज्याच्याकडे तो नाही त्याला 'ढ' म्हणते. मी हे स्वतः भोगले आहे. आमच्या घरात पहिले छापील पुस्तक माझ्याच दप्तरातून आले. निबंधात 'आमचा दिवाणखाना' असा विषय आला तेव्हा एका खोलीत राहणाऱ्या मला काय लिहावे तेच समजेना.

३. लाभ कोणाला, भार कोणावर?

येथवर कुटुंब फारच चांगले दिसते. पण दुसरा पंथ विचारतो, हे कार्य कोणाच्या कष्टावर चालते? फ्रेडरिक एंगेल्स यांनी १८८४ सालीच कुटुंबाचा संबंध खाजगी मालमत्तेशी जोडला होता. मालमत्ता आपल्याच पोराला मिळावी म्हणून पुरुषाने स्त्रीला बंधनात ठेवले, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घरकामाचाच हिशोब मांडला. अॅन ओकली यांनी लंडनमधील ४० गृहिणींच्या मुलाखती घेऊन १९७४ साली दाखविले, की त्या आठवड्याला सरासरी ७७ तास घरकाम करीत. त्याला सुट्टी नाही, पगार नाही, आणि 'काम' हे नावही नाही.

आपल्या देशात केंद्र शासनाने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, म्हणजे सुमारे पाच तास. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा आहे. तोही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा, आणि असे पुरुष शंभरात सुमारे २६ च निघाले.

हे आकडे वाचताना मला माझी अक्का आठवते. ती सातवी झाली तेव्हा माझ्याहून हुशार होती. हायस्कूल दूरच्या गावी होते. आईवडील दोघेही मजुरीला जात. धाकट्यांना सांभाळावयास घरी कोणीतरी हवे होते, म्हणून अक्काची शाळा सुटली. तिच्या भाकरीवर मी मॅट्रिक झालो, पदवीधर झालो, मास्तर झालो. घराण्यातील पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कारही झाला. त्या सत्काराच्या दिवशीही अक्का चुलीपुढेच होती.

काही वर्षांनी ती आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "हिला आता घरी बसवायचं म्हनत्यात." मी शिक्षणाचे महत्त्व सांगू लागलो. तिने थोडा वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, "तू शिकलास तवा मी भाकरी थापत हुते. त्याचा हिशोब हाय का रं तुझ्या पुस्तकात?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाची आमच्या घरी राहून बारावी झाली. पण येथेही माझी चूक झाली. तिला आणण्याचे श्रेय मी घेतले आणि तिच्या डब्याचे काम मात्र माझ्या पत्नीवर पडले. ती स्वतः नोकरी करते. हे माझ्या लक्षात यावयास दोन महिने लागले. एकीचा भार हलका करताना तो दुसऱ्या स्त्रीच्या डोक्यावर ठेवणे याला समता म्हणत नाहीत. आज सकाळचे डबे मी करतो. भाकरी अजून गोल होत नाही, पण मुले खातात.

४. जातीचे दार घरातच आहे

कुटुंब आणि जात यांचा संबंध बाबासाहेबांनी फार लवकर ओळखला. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. त्यांनी प्रश्न घेतला, की जात टिकते कशाने? शिवाशिवीने की रोटीबंदीने? त्यांचे उत्तर होते, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीने.

त्यांची मांडणी सोप्या शब्दांत अशी. एखाद्या गटाने बाहेरच्यांशी सोयरीक बंद केली की गटात लग्नाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहणे भाग पडते. नवरा मेला की बायको 'जादा' उरते. ती बाहेर लग्न करील तर दार मोडेल. आत करील तर एखाद्या कुमारिकेचा वर जाईल. म्हणून तिला चितेवर चढवावयाचे, नाहीतर जन्मभर सक्तीच्या वैधव्यात ठेवावयाचे. बायको मेली की पुरुष 'जादा' उरतो. पण गटावर वर्चस्व त्याचेच, त्याला जाळणार कोण? मग त्याच्यासाठी अजून लग्नाचे वय न झालेल्या मुलींतून वधू आणावयाची, म्हणजे बालविवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली सुट्या सुट्या नाहीत. जातीचे दार लावून घेण्याच्या त्या तीन कड्या आहेत. आणि एका गटाने दार लावले की इतरांनी त्याचे अनुकरण केले.

म्हणजे जातीचा पहारा प्रथम स्त्रीवर बसला. तो अजून उठलेला नाही. २०११-१२ च्या भारत मानवी विकास सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्ने शंभरात सुमारे पाचच आढळली.

आता आपण आपल्याकडे पाहू. आपण धम्म स्वीकारला. नवव्या व दहाव्या प्रतिज्ञेने सर्व माणसे समान मानण्याचे व समता स्थापण्याचे वचन दिले. पण मुलीला स्थळ पाहताना दबक्या आवाजात "सोमवंशी की लाडवान?" असे कोण विचारते? पूर्वाश्रमीची पोटजात कोण शोधते? मंगल परिणयाच्या मंचावर त्रिशरण-पंचशील होते आणि मंचामागे देण्याघेण्याची यादी होते, हे आपण पाहिलेले नाही काय? दुसऱ्याने आपल्याला दार लावले म्हणून आपण घर बदलले. नव्या घराला तेच दार बसवावयाचे नाही.

५. सिगालाचा पाठ

कुटुंबाविषयी तथागतांनी काय सांगितले, हे दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात येते. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण मरणासन्न पित्याच्या सांगण्यावरून रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवंतांनी त्याला दिशांचा नवा अर्थ सांगितला. आईबाप ही पूर्व, गुरुजन ही दक्षिण, पत्नी-मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, काम करणारे सेवक ही खालची दिशा आणि श्रमण ही वरची.

अभ्यासकाने येथे एक गोष्ट टिपावी. या सुत्तात एकट्या पत्नीची कर्तव्ये सांगून विषय संपत नाही. प्रत्येक नाते दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातील अधिकार तिच्याकडे द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत, अशी पतीची पाच कर्तव्ये आधी येतात, मग पत्नीची. समाजशास्त्र ज्याला परस्पर भूमिका म्हणते तीच ही गोष्ट. नाते एकेरी झाले की ते नाते राहत नाही, ती ताबेदारी होते.

६. आपण काय करावे?

कायद्याने वाट थोडी मोकळी केली आहे. १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा यांच्या नावात 'हिंदू' शब्द असला तरी ते बौद्धांनाही लागू आहेत. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली दिला. परंतु ज्या घरी वाटावयास जमीनच नाही, तेथे मुलीचा वाटा म्हणजे तिचे शिक्षण. ते मध्येच तोडणे म्हणजे तिचा वाटा बुडविणे होय.

मोठ्या गोष्टी सोडा. या पंधरवड्यात एवढे करून पाहा. एक वेळचे जेवण तरी सर्वांनी एकत्र बसून घ्यावे, आईसकट. मुलग्यांनी आपले ताट स्वतः घासावे. घरात जागा कितीही कमी असो, एक कोपरा अभ्यासाचा ठरवावा आणि त्यावर मुलीचा हक्क मुलाइतकाच असावा. महिन्याचा जमाखर्च पतिपत्नींनी मिळून लिहावा. आणि स्थळ पाहताना पोटजातीचा प्रश्न आपल्या तोंडून जाणार नाही, असा निश्चय करावा.

विहार आठवड्यातून एकदा उघडतो, घर रोज उघडे असते. मुले धम्म कोठे जास्त शिकतील, हे सांगावयास नको.

चर्चेसाठी प्रश्न (कुटुंबात अथवा विहारात मोठ्याने वाचून चर्चा करावी)

१) आपल्या घरी सर्वांच्या शेवटी कोण जेवते? का?
२) आपल्या कुटुंबात कोणाचे शिक्षण कोणासाठी थांबले? त्याची भरपाई आज काही प्रमाणात तरी करता येईल काय?
३) १९१६ च्या निबंधात बाबासाहेबांनी सती, वैधव्य आणि बालविवाह यांचा जातीशी संबंध कसा लावला ते आपल्या शब्दांत सांगा.
४) सिगालोवाद सुत्तातील पतीच्या पाच कर्तव्यांपैकी आपल्या घरात किती पाळली जातात? याचे उत्तर पत्नीने द्यावे.

जय भीम!