रायफलीचा प्रतिक्षेप आणि टेकूवरची नेमबाजी

गोळी पुढे जाते आणि बंदूक मागे येते. ज्याने आयुष्यात एकदा तरी रायफल झाडली आहे, त्याच्या खांद्याला हा नियम पाठ असतो. नावेतून काठावर उडी मारताच नाव मागे सरते, त्यातलाच हा प्रकार. बंदुकीच्या या मागे येण्याला ‘प्रतिक्षेप’ म्हणतात. शिकारी किंवा सैनिक यांच्या दृष्टीने प्रतिक्षेप ही सोसण्याची बाब होय. परंतु नेमबाजीचा एक प्रकार असा आहे, की ज्यात प्रतिक्षेप सोसून भागत नाही; त्याला शिस्त लावावी लागते. ही शिस्त कशी लावतात, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

या प्रकाराला ‘बेंचरेस्ट’ असे नाव आहे. आपण त्याला टेकूवरची नेमबाजी म्हणू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत तिला आजचे रूप येऊ लागले आणि १९५१ मध्ये तेथे या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. नेमबाज काँक्रीटच्या भक्कम मेजाशी बसतो. रायफलीच्या दस्त्याचा पुढचा भाग एका जड तिवईवरील वाळूच्या पिशवीवर टेकलेला असतो आणि मागचा भाग दोन कान असलेल्या दुसऱ्या पिशवीवर. १०० किंवा २०० यार्डांवरील कागदी लक्ष्यावर सात मिनिटांच्या आत पाच गोळ्या झाडावयाच्या असतात. लक्ष्याच्या मध्यबिंदूला येथे फारसे महत्त्व नाही. पाच छिद्रांपैकी एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर मोजतात. ते जितके कमी, तितका नेमबाज श्रेष्ठ. १९७३ मध्ये मॅकमिलन या अमेरिकन नेमबाजाने १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा जो पुंजका साधला, तो ०.००९ इंचाचा, म्हणजे पाव मिलिमीटरहूनही लहान होता. हा विक्रम मोडावयास २०१३ साल उजाडावे लागले.

इतक्या सूक्ष्म मापात प्रतिक्षेपाचा वाटा किती, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. या खेळात १९७० च्या दशकापासून प्रिय झालेल्या ६ मिलिमीटर पीपीसी काडतुसाचे उदाहरण घ्या. त्याची गोळी सुमारे ६८ ग्रेनची, म्हणजे ४.४ ग्रॅमची असते व ती सेकंदाला सुमारे १,००० मीटर वेगाने सुटते. दारू सुमारे २९ ग्रेन, म्हणजे १.९ ग्रॅम. या दारूचा वायू गोळीहूनही अधिक वेगाने बाहेर पडतो. हिशोबात तो वेग गोळीच्या दीडपट धरू. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गोळी व वायू यांचा जेवढा संवेग पुढे जातो, तेवढाच रायफलीला मागे मिळतो. साडेदहा पौंडांच्या, म्हणजे ४.७६ किलोग्रॅमच्या रायफलीला त्यामुळे सेकंदाला सुमारे दीड मीटर वेग येतो. रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग याहून फारसा निराळा नसतो. खांदा दुखावा असा हा धक्का नव्हे.

मग अडचण कोठे आहे? ती काळाच्या हिशोबात आहे. गोळी नळीत असते ती सुमारे सेकंदाचा हजारावा भाग. गोळी व तिच्यामागे पसरणारा वायू यांच्या तुलनेत रायफल जवळजवळ नऊशे पट जड पडते. म्हणून गोळी नळीतून अर्धा मीटर पुढे जाते, तोवर रायफल त्याच्या नऊशेव्या भागाइतकी, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक मागे सरकते. डोळ्यांना दिसतो आणि खांद्याला जाणवतो तो उरलेला सारा प्रतिक्षेप गोळी निघून गेल्यानंतरचा. गोळीची दिशा ठरते ती या पहिल्या अर्ध्या मिलिमीटरात. आणि एखाद्या गोष्टीची जाणीव होऊन हात हलवावयास माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. तेव्हा गोळी सुटत असताना हात घट्ट करून ती सावरू, असे कोणी म्हणत असेल तर ते अशक्य आहे. जे करावयाचे ते चाप ओढण्यापूर्वीच झाले पाहिजे.

या अर्ध्या मिलिमीटरात किती बिघडू शकते? पुढचा टेकू आणि मागचा टेकू यांत अर्ध्या मीटरचे अंतर आहे असे धरू. दस्त्याचे मागचे टोक ०.०३ मिलिमीटर वर किंवा खाली झाले, तर १०० यार्डांवर गोळी सुमारे ५ मिलिमीटर सरकते. माणसाचा केस याहून जाड असतो. मागील पिशवीतील वाळू किंचित दबली, गाल दस्त्यावर एका गोळीला टेकला आणि दुसरीला टेकला नाही, खांद्याचा रेटा कमीजास्त झाला, की तेवढा फरक सहज पडतो. अनेकदा चार छिद्रे एकात एक मिसळलेली असतात आणि पाचवे तेवढे वर किंवा खाली फटकून पडते. नेमबाज वाऱ्याला दोष देतो. वस्तुतः दोष पुष्कळदा त्याच्या खांद्याचा असतो.

रायफल नुसती सरळ मागे येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तिच्या तीन हालचाली एकाच वेळी होतात. पहिली मागे. दुसरी वर, कारण धक्का नळीच्या अक्षातून येतो आणि रायफलीचा गुरुत्वमध्य व खांद्याचा आधार त्या अक्षाच्या खाली असतात, म्हणून नळीचे तोंड उचलते. तिसरी हालचाल पिळाची. नळीतील खाचा गोळीला उजवीकडे फिरवीत असतील, तर रायफल डावीकडे कलू पाहते. म्हणूनच या खेळातील दस्त्याचा पुढचा भाग खाली सपाट आणि रुंद ठेवतात. हलक्या गटांत त्याची रुंदी तीन इंचांपर्यंतच असावी, असा नियम आहे. सपाट तळ पिशवीवर नीट बसतो, कलत नाही आणि मागे येताना रुळावरून आल्यासारखा सरळ येतो.

हे ‘सरळ येणे’ साधण्याची तयारी गोळी झाडण्यापूर्वीच करावयाची असते. पुढची तिवई व मागची पिशवी दस्त्याच्या रेषेत आणावी. पिशव्या वाळूने कच्च भराव्यात. ढिल्या पिशवीत दस्ता दर वेळी नव्याने रुततो. खांद्यावरच्या पट्ट्यासाठी असलेल्या कड्या काढून टाकाव्यात, कारण त्या पिशवीत अडकतात. दस्ता अडखळू नये म्हणून कित्येक जण पिशवीवर पावडर शिंपडतात. कॅरमच्या फळीवर आपण पावडर टाकतो, त्यामागील हेतूही हाच. त्यानंतर रिकाम्या रायफलीची परीक्षा घ्यावी. दुर्बिणीतून पाहत रायफल हाताने हळूच मागे ओढावी आणि पुन्हा पुढच्या अडणीला टेकवावी. दुर्बिणीतील फुली उभ्या रेषेत हलून मूळ जागी परतली, तर मांडणी योग्य आहे. ती आडवी सरकली, तर तिवई किंवा पिशवी तिरपी आहे असे समजावे. या परीक्षेला दोन मिनिटे लागतात आणि एक काडतूसही खर्च होत नाही. नवशिके बहुधा हीच पायरी गाळतात.

रायफल धरावी कशी, याबद्दल दोन पद्धती आहेत. पहिलीला ‘मुक्त प्रतिक्षेप’ म्हणता येईल. तीत खांदा व दस्ता यांमध्ये बोटभर फट ठेवतात. गाल टेकवीत नाहीत. शरीराचा स्पर्श होतो तो केवळ चापावरील बोटाचा. चाप दोन औंसांच्या, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅमच्या दाबाने सुटेल इतका हलका असल्यामुळेच हे शक्य होते. रायफल मोकळेपणाने मागे सरकते आणि खांद्यावर हलकेच येऊन थांबते. दुसऱ्या पद्धतीत खांदा दस्त्याला अलगद टेकवून दर वेळी सारखाच दाब ठेवतात. पहिलीत माणसाच्या चुकीला वाव कमी, तर दुसरीत रायफल आटोक्यात राहते व लवकर जागेवर येते. दोन्ही पद्धतींनी स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. मात्र एकाच पुंजक्यात दोन्हींची सरमिसळ करणाऱ्याला यश मिळत नाही. घट्ट धरलेली रायफल आणि मोकळी सोडलेली रायफल लक्ष्यावर निरनिराळ्या उंचीला गोळी मारतात.

मुक्त प्रतिक्षेपाला मर्यादाही आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे १९६७ पासून एक हजार यार्डांवरील टेकूवरच्या नेमबाजीची परंपरा आहे. तेथील हलक्या गटातील रायफल १७ पौंडांपर्यंतची असते. पण इतक्या अंतरासाठी काडतूसही मोठे लागते. १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने सोडणारी, सुमारे ५ ग्रॅम दारूची रायफल सेकंदाला जवळजवळ अडीच मीटर वेगाने मागे येते आणि तिच्या धक्क्यातील ऊर्जा पीपीसीच्या सुमारे चौपट भरते. अशा रायफलीपुढे खांदा व दस्ता यांत फट ठेवली, तर दुर्बीण भुवईवर आदळण्याचा धोका असतो. येथे खांद्याचा भक्कम आधार हवाच. तत्त्व तेच राहते. दाब किती, हे बदलते. तो दर गोळीला सारखा असावा, हे बदलत नाही.

प्रतिक्षेपाची शिस्त आणखी एका कारणासाठी लागते. गोळीला १०० यार्ड जावयास सुमारे सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. मैदानावर रोवलेल्या वाऱ्याच्या निशाणांकडे पाहत नेमबाज एखादी स्थिती निवडतो आणि ती टिकून आहे तोवर पाचही गोळ्या झाडून घेऊ पाहतो. प्रत्येक धक्क्यानंतर रायफल भलतीकडे गेली, तर ती जागेवर आणण्यात वेळ जातो आणि दरम्यान वारा पालटतो. रायफल आपल्या आपण जवळपास जुन्या जागी परतत असेल, तर अर्ध्या मिनिटाच्या आत पाच गोळ्या होऊ शकतात. डाव्या बाजूने काडतूस भरण्याची व उजव्या बाजूने बोल्ट फिरवण्याची सोय असलेल्या रायफली यासाठीच पसंत करतात. त्यांत उजवा हात बोल्टवरून न काढता डाव्या हाताने पुढचे काडतूस भरता येते.

या खेळात एक अमर्याद गटही आहे. त्यात जड पोलादी मांडणीवर बसवलेली नळी रुळांवरून मागे जाते आणि ढकलताच नेमकी पहिल्या जागी परतते. मग नेमबाजाचे काम काय उरले, असे कोणी विचारील. वारा ओळखण्याचे काम तेथेही उरतेच. परंतु साडेदहा पौंडांच्या रायफलीच्या बाबतीत जी सफाई यंत्राने मिळते, ती माणसाला आपल्या अंगात आणावी लागते: तोच गाल, तोच खांदा, तेच बोट, पाचही वेळा. प्रतिक्षेप नाहीसा करता येत नाही, कारण तो निसर्गनियम आहे. तो प्रत्येक गोळीला सारखाच येईल अशी व्यवस्था मात्र करता येते. नवशिक्याने पहिले काही दिवस पुंजक्याची मापे नोंदवण्याच्या भरीस पडू नये. प्रत्येक गोळीनंतर फुली कोठे परतली, एवढेच वहीत टिपावे. ती दर वेळी एकाच जागी परतू लागली, की पुंजके लहान होऊ लागल्याचे त्याला आपोआप दिसून येईल.